चुकलेल्या गाण्याची रेकॉर्ड

मुलांनो, गाण्याची रेकॉर्ड कशी तयार होते, ठाऊक आहे ना? गायक स्टुडिओत येतो, मायक्रोफोनपुढे उभा राहतो आणि गातो. चुकला की पुन्हा गातो. परत चुकला की परत. शेवटी जे बिनचूक जमतं तेवढंच ठेवतात, बाकीचं बाजूला काढतात. म्हणून तर रेकॉर्डवरचे गायक कधी ठसकत नाहीत, त्यांचे शब्द विसरत नाहीत आणि कागदांची फडफडही ऐकू येत नाही. आपल्याला वाटतं, काय ही माणसं! यांचं कधी चुकतच नसेल!

पण मला माहीत असलेल्या एका रेकॉर्डवर हे सगळं आहे. गायक गाणं सुरू करतो, वरच्या स्वराला आवाज फाटतो, तो थांबतो. पुन्हा सुरू करतो, पुन्हा थांबतो. वैतागून काचेपलीकडच्या मंडळींशी काहीतरी बोलतो. मग तिसऱ्यांदा गाणं धरतो आणि ते कसंबसं शेवटाला नेतो. हे सारं रेकॉर्डमध्ये जसंच्या तसं आहे. दुसऱ्या एका गाण्यात तर वहीची पानं उलटल्याचा आवाजही येतो.

रेकॉर्डचं नाव आहे ‘द मॅडकॅप लाफ्स’. मॅडकॅप म्हणजे खोडकर, तऱ्हेवाईक माणूस. असा एक मॅडकॅप हसतोय, असं हे नाव. ३ जानेवारी १९७० रोजी ही रेकॉर्ड इंग्लंडमध्ये बाजारात आली. तिच्यावर १३ गाणी आहेत. त्या वर्षी ती ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ४० व्या क्रमांकापर्यंत गेली आणि मग दिसेनाशी झाली. पण ज्या थोड्या लोकांनी ती ऐकली, त्यांनी ती जिवापाड जपली. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी ती अजून निघते, अजून विकली जाते.

गाणारा होता सिड बॅरेट. खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. जन्म ६ जानेवारी १९४६, गाव केंब्रिज. तेच ते मोठं विद्यापीठ असलेलं गाव. पाच भावंडांतला हा चौथा. वडील डॉक्टर होते. रॉजर सोळा वर्षांचा व्हायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा, डिसेंबर १९६१ मध्ये, ते वारले. मुलगा हुशार होता, देखणा होता, चित्रं सुरेख काढायचा. पुढे तो लंडनच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकायला गेला आणि तिथे मित्रांबरोबर एका बँडमध्ये गिटार वाजवू लागला. बँडला नाव हवं होतं. सिडने अमेरिकेतल्या दोन जुन्या ब्लूज गायकांची नावं घेतली, एक पिंक अँडरसन आणि दुसरा फ्लॉइड कौन्सिल. दोघांची पहिली नावं जोडली आणि झालं ‘पिंक फ्लॉइड’! पुढे हा बँड जगभर गाजला. तुमच्यापैकी काहींच्या आईबाबांच्या कपाटात त्यांची एखादी कॅसेट अजून असेलही.

हा बँड जे वाजवायचा त्याला ‘सायकेडेलिक’ संगीत म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर रंगीबेरंगी स्वप्नासारखं संगीत. कार्यक्रम चालू असताना काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये रंगीत तेलं आणि पाणी घालून त्यातून प्रकाश सोडायचे. वादकांच्या अंगावर, भिंतींवर रंगांचे फुगे सरकत राहायचे. सिडच्या गिटारवर आरशाच्या गोल चकत्या चिकटवलेल्या होत्या. त्यावर पडलेला उजेड लोकांवर कवडशांसारखा नाचे. सिगारेट पेटवायचा लायटर तारांवरून घसरवून तो असे काही आवाज काढायचा की विमान उतरतंय की मांजर रडतंय, कळू नये.

आणि गाणी? एका गाण्यात तो सांगतो की माझ्याकडे सायकल आहे, तुला द्यायला आवडली असती, पण ती उसनी आणलेली आहे. दुसऱ्या एका गाण्यातला हत्ती एका छोट्या प्राण्याला वाघ येतोय म्हणून हळूच सावध करतो. झेब्रे, मुंगसं सगळे पळतात. वाघ म्हणतो, हे सगळे फारच लहान, मला काहीतरी मोठं खायला हवं. पुढे हत्तीचं काय झालं ते तुम्हीच ओळखा! १९६७ सालच्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं नावसुद्धा सिडने मुलांच्या पुस्तकातून घेतलं होतं. केनेथ ग्रॅहॅम यांचं ‘द विंड इन द विलोज’ हे १९०८ सालचं पुस्तक, त्यातल्या एका प्रकरणाचं ते नाव. पहिल्या रेकॉर्डवरची बहुतेक गाणी सिडचीच होती. वय होतं एकवीस.

आणि त्याच वर्षी काहीतरी बिनसायला लागलं.

कार्यक्रम चालू असताना सिड मध्येच वाजवायचा थांबायचा. कधी तासभर एकच सूर छेडत राहायचा. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा नाही, नुसता बघत राहायचा. एकदा त्याने मित्रांना एक नवं गाणं शिकवायला घेतलं. ते शिकतात न शिकतात तोच तो चाल बदलायचा. पुन्हा बसवलं की पुन्हा बदलायचा. आणि दर वेळी गाण्यातूनच विचारायचा की आलं का? मित्रांना शेवटी समजलं की हे गाणं कुणालाच कधी येणार नाही.

त्या काळात लंडनच्या तरुण कलावंतांमध्ये एलएसडी नावाच्या अमली पदार्थाचं खूळ पसरलं होतं. सिडही तो घेत होता, आणि वारंवार घेत होता. त्याच्यामुळेच हे सगळं झालं की मनाचा आजार आधीच दाराशी उभा होता, यावर त्याला ओळखणाऱ्यांची मतं निरनिराळी आहेत. डॉक्टर मात्र एवढं नक्की सांगतात की ज्याच्या मनात असा आजार दबा धरून बसलेला असतो, त्याच्या बाबतीत असले पदार्थ त्या आजाराला दार उघडून देतात. आणि आपल्या मनात तो दबा धरून आहे की नाही, हे आधी कुणालाच समजत नाही. तेव्हा मुलांनो, कुणी कितीही रंगवून सांगितलं की अमुक घेतलं की कला सुचते, तर सरळ लक्षात ठेवा, सिडला सायकलचं आणि हत्तीचं गाणं सुचलं ते त्याच्या स्वतःच्या डोक्यातून. हत्तीचं गाणं तर त्याने शाळकरी वयातच लिहिलं होतं.

१९६८ च्या सुरुवातीला बँडने सिडचा केंब्रिजचा जुना मित्र डेव्हिड गिलमूर याला सोबत घेतलं. थोडे दिवस पाच जण होते. मग एके दिवशी कार्यक्रमाला जाताना त्यांनी सिडला घरून गाडीत घेतलंच नाही. भांडण नाही, निरोप नाही. गाडी तशीच पुढे गेली. एप्रिलमध्ये जाहीर झालं की सिड बॅरेट बँडमध्ये नाही.

ही रेकॉर्ड आली ती त्यानंतर. मे १९६८ मध्ये सिडने लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत एकट्याने गायला सुरुवात केली. ते काम रखडलं. पुढच्या वर्षी रेकॉर्ड कंपनीतले माल्कम जोन्स यांनी ते पुन्हा हाती घेतलं. आणि शेवटी उरलेली गाणी पुरी करायला कोण आलं असेल? डेव्हिड गिलमूर आणि बँडमधला दुसरा मित्र रॉजर वॉटर्स! ज्याला सिडची जागा मिळाली होती तोच सिडचं काम तडीस न्यायला काचेपलीकडे येऊन बसला. त्यांची स्वतःची रेकॉर्डही तेव्हा अर्धवट होती. तिच्यातून वेळ काढून त्यांनी हे केलं.

काम सोपं नव्हतं. एरवी आधी ढोल, बेस गिटार असा ठेका पक्का करतात आणि त्यावर गायक गातो. इथे बऱ्याच गाण्यांत उलटं झालं. सिडने आधी गिटार वाजवत गाणं गायलं आणि इतर वादकांनी मागाहून कानाला हेडफोन लावून त्याच्या मागे वाजवलं. आता असं समजा, आपला गायक त्रितालात गातोय. पण त्याचं आवर्तन कधी सोळा मात्रांत संपतं, कधी चौदाच मात्रांत, आणि कधी साडेसतरा! सम कुठे येणार हे त्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नाही. अशा वेळी तबलजीने काय करावं? ‘सॉफ्ट मशीन’ या बँडचे तिघे असेच दोन गाण्यांवर वाजवायला आले होते. तुम्ही रेकॉर्ड ऐकलीत तर लक्षात येईल, ढोलवाला अगदी केसभर मागे असतो. आंधळी कोशिंबीर खेळताना आपण समोरच्याचा कानोसा घेतो ना, तसा तो सिडचा कानोसा घेत असतो.

मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली ती १९९४ साली. पुण्यात वसतिगृहात राहत होतो. तेव्हा कुणाकडे चांगलं काही असलं की कोरी कॅसेट देऊन त्याच्याकडून भरून घ्यायची पद्धत होती. माझ्या खोलीतल्या मित्राकडे अशी एक कॅसेट होती. ती ऐकताना मला एकसारखा आठवत होता मिरजेचा माझा आतेभाऊ.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. हार्मोनियम अशी वाजवायचा की रस्त्याने जाणारे सायकलवरून उतरून उभे राहायचे. आता मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथल्या लोकांचे कान तयार! त्यांनी उतरून उभं राहावं म्हणजे बघा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना दादा हळूहळू गप्प झाला. रात्र रात्र जागा असायचा. कुणीतरी आपल्याशी बोलतंय म्हणायचा, आणि खोलीत तर कुणी नसायचं. आळीतले लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी असणार. कुणी अंगारा आणून दिला, कुणी लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. एका लग्नात तर कुणीतरी आत्याला सुचवलं की त्याला मांडवात आणू नका, बरं दिसत नाही.

आत्या चौथी शिकलेली. पण ती दादाला घेऊन सरळ मनाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ताप येतो, साखर वाढते, तसाच हाही एक आजार. औषध घ्यायचं, बराच काळ घ्यायचं. दादाने तर आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. त्याची काहीच चूक नव्हती. आत्याचीही नव्हती. आजार कुणालाही होतो.

औषधांनी आवाज येणं कमी झालं. हात मात्र थोडे जड झाले. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असायचं. आत्या दादाला तिथे पाठवायची. तो पेटी वाजवायचा, आणि मध्येच थांबायचा. शून्यात बघत राहायचा. अशा वेळी आमचे शेजारचे तबलजी काका काय करायचे ठाऊक आहे? ते तबला बंद करायचे नाहीत. दादाकडे बघायचेही नाहीत. नुसता बारीक ठेका धरून ठेवायचे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. भजनाची मंडळीही टाळ हळू करायची. मग दादाची बोटं पुन्हा पेटीवर यायची आणि काका अलगद त्याला सम द्यायचे. जणू काही झालंच नाही!

म्हणून ते ढोलवाल्याचं केसभर मागे राहणं ऐकलं आणि मला ते ओळखीचं वाटलं.

त्या दिवाळीत मी कॅसेट मिरजेला नेली. एक गोष्ट मला खुपत होती, ती सांगतो. सिड अडखळतो, थांबतो, चिडतो, ते रेकॉर्डवर ठेवलं हे बरोबर की चूक? यावर तेव्हापासून वाद आहे. माल्कम जोन्स यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, आजारी माणसाची अशी फजिती जगापुढे का मांडायची? गिलमूर आणि वॉटर्स यांना वाटलं होतं की सिड खरा जसा आहे, तसा लोकांना दिसावा. मला जोन्स यांचं पटत होतं. दादाचं थांबणं टेप करून कुणी बाजारात विकलं असतं, तर आत्याला काय वाटलं असतं?

दुपारी माजघरात आम्ही दोघंच होतो. मी कॅसेट लावली. इंग्रजी शब्द काही दादाला कळत नव्हते. पण ते अडखळणारं गाणं आलं आणि तो सावरून बसला. सिड थांबला. सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला. गाणं संपल्यावर दादा म्हणाला,

“अरे, हा इतक्यांदा थांबला, पण यांनी मशीन बंद नाही केलं.”

मी म्हटलं, “नाही केलं.”

“थांबले ते त्याच्यासाठी,” दादा म्हणाला. “परत लाव.”

आम्ही ते गाणं परत ऐकलं. जोन्स यांचा मुद्दा खोटा आहे असं मला अजूनही वाटत नाही. एखाद्याचा आजार हा तमाशा नव्हे, आणि त्याला विचारल्याशिवाय तो कुणी चव्हाट्यावर मांडू नये. पण जो स्वतः त्या वाटेने गेला होता, त्याला त्या चुकांमध्ये फजिती दिसली नाही. त्याला काचेपलीकडे वाट बघत बसलेली माणसं दिसली. तेव्हापासून मलाही ती ऐकू येतात.

रेकॉर्डच्या वेष्टनावरचं छायाचित्रही पाहण्यासारखं आहे. मिक रॉक या छायाचित्रकाराने ते काढलं. जवळजवळ रिकामी खोली, लाकडी जमीन, आणि तिथे उकिडवा बसलेला सिड. जमिनीच्या फळ्यांना त्याने स्वतः पट्ट्यापट्ट्यांनी रंग दिला होता, एक नारिंगी, एक निळसर जांभळी. गाणी साथ देत नव्हती तेव्हाही त्याचा चित्रकाराचा हात चालू होता!

नोव्हेंबर १९७० मध्ये सिडची दुसरी रेकॉर्ड आली, तिच्या कामातही गिलमूर होताच. ते हत्तीचं गाणं याच रेकॉर्डवर आहे. त्यानंतर मात्र सिडने नवी रेकॉर्ड केली नाही. ५ जून १९७५ रोजी जुने मित्र अॅबी रोड स्टुडिओत सिडच्याच आठवणीवर रचलेल्या एका लांबलचक गाण्याचं काम करत होते. तेवढ्यात एक लठ्ठ, डोक्यावरचे आणि भुवयांचेही केस काढलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता! ओळख पटली तेव्हा मित्रांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे तो केंब्रिजला आईकडे परतला. पुन्हा रॉजर झाला. सिड म्हणून हाक मारलेली त्याला आवडेना. बागकाम करायचा, चित्रं काढायचा आणि पुरी झाली की पुष्कळदा जाळून टाकायचा. बहीण जवळच राहून त्याची काळजी घ्यायची. त्याच्या गाण्यांचे पैसे त्याला नीट मिळताहेत ना, याकडे गिलमूरने अनेक वर्षं लक्ष ठेवलं. ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, तो कर्करोगाने वारला.

लोक त्याच्या कहाणीला शोकांतिका म्हणतात. कुणी तर ‘वेडा प्रतिभावंत’ म्हणून त्याचे पोस्टर लावतात. मला दोन्ही शब्द आवडत नाहीत. आजारामुळे तो प्रतिभावंत झाला नाही, आजाराने त्याची गाणी थांबवली. आणि शेवटची पंचवीसएक वर्षं तो झाडांना पाणी घालत, चित्रं काढत, आपल्या गावात आपल्या पद्धतीने जगला. त्याला नुसतं दुःख कसं म्हणायचं?

मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादा असेल. कालपर्यंत दंगा करणारा, आज गप्प गप्प. झोप नाही, जेवण नाही, भलतंच काहीतरी बोलतो. त्याला ‘मेंटल’ म्हणून चिडवणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्याच्या शेजारी बसा. आणि घरी, बाईंना किंवा सरांना सांगा. ही चहाडी नव्हे. पालकांनाही एक सांगतो, अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विचारता येतं, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं. आत्याच्या वेळी ही सोय असती तर तिचे किती हेलपाटे वाचले असते!

आणि रेकॉर्ड ऐकायची असेल तर? पहिलंच गाणं लावा, ‘टेरापिन’. टेरापिन म्हणजे पाण्यातलं कासव. नावाप्रमाणेच गाणं संथ चालतं. मग ‘गोल्डन हेअर’ ऐका. ती जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची १९०७ साली छापलेली कविता आहे, सिडने तिला चाल लावली. अडखळणारं गाणं शेवटून दुसरं आहे. ते लागलं की पुढे ढकलू नका. तो थांबेल, चिडेल, पुन्हा सुरू करेल. तेवढा वेळ आपणही थांबायचं.